नेसरीची तलवार आणि इंजिनातील स्प्रिंग : पोलादाच्या निवडीविषयी थोडे परखड



24 फेब्रुवारी जवळ आली की नेसरीची आठवण निघते. 1674 साली याच दिवशी गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीच्या खिंडीत सरनोबत प्रतापराव गुजर सहा सहकाऱ्यांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. उमराणीला शरण आलेल्या खानाला त्यांनी सोडून दिले होते, महाराजांचा ठपका त्यांच्या जिव्हारी लागला होता, ही पार्श्वभूमी आपणांस ठाऊकच आहे. मी त्या प्रसंगाविषयी आज लिहिणार नाही. त्या प्रसंगाखाली दरवर्षी जो वाद रंगतो त्याविषयी लिहिणार आहे.

वाद असा. कोणी तरी मराठा तलवारीचे छायाचित्र टाकतो. लगेच एक पक्ष म्हणतो, आपल्या तलवारी वूट्झ पोलादाच्या, जगात तोड नसलेल्या. दुसरा पक्ष उत्तर देतो, कसले वूट्झ, पाती तर फिरंग्यांकडून विकत घेतलेली, आपल्याकडे ते कसब होतेच कुठे? मग शंभर-दीडशे प्रतिसाद, थोडी शिवीगाळ आणि शेवटी दोन्ही पक्ष आपापल्या जागी. माझे मत स्पष्ट सांगतो: दोन्ही पक्षांचा प्रश्नच चुकला आहे. ‘सर्वांत श्रेष्ठ पोलाद कोणते?’ या प्रश्नाला उत्तर नसते. कोणत्या कामासाठी, किती वेळा आणि कोणाच्या हातून, हे विचारल्याशिवाय पोलादाची निवड करता येत नाही. हे पटवून देण्यासाठी मी तलवारीइतकाच आधार एका अगदी गद्य वस्तूचा घेणार आहे. ती वस्तू म्हणजे इंजिनातील व्हॉल्व्हची स्प्रिंग. हसू नका. पोलादाच्या निवडीची इतकी निर्दय परीक्षा घेणारा दुसरा सुटा भाग सहसा सापडत नाही.

आधी तलवार. सतराव्या शतकात दख्खनमध्ये ‘फिरंग’ हा शब्द तलवारीलाच रूढ झाला, कारण पाते फिरंग्यांकडून आलेले असे आणि मूठ इथल्या कारागिराने चढवलेली. पोर्तुगीजांच्या बंदरांतून अशी पाती येत; पुढे इंग्रज कंपनीच्या व्यापाऱ्यांनीही सुरतेला पाती विक्रीस आणली. जर्मनीतील झोलिंगेन, इटलीतील जेनोआ, स्पेनमधील तोलेदो या गावांचे नाव या व्यापारात वारंवार येते. मराठा घोडदळाला सरळ, लांब पात्याची धोप प्रिय होती. घोड्यावरून पल्ला मिळतो, भोसकताही येते आणि कापताही येते. दांडपट्ट्याचे पाते तर त्याहून लवचीक. फिरवताना ते अक्षरशः लपलपते. पण अशा लांब, बारीक पात्याची एक अट असते. ढालीवर किंवा चिलखतावर आदळून ते वाकले, तर क्षणात सरळ झाले पाहिजे. वाकून तसेच राहिले तर शस्त्र निकामी. तुटले तर स्वारही संपला.

आता वूट्झ. तेलंगणातील कोनासमुद्रमसारख्या गावांत मातीच्या बंद मुशीत लोखंड व कर्बयुक्त द्रव्ये तापवून हे पोलाद करीत. त्याच्या वड्या समुद्रमार्गे इराणपर्यंत जात. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए याने गोवळकोंड्याच्या या पोलादाची नोंद केली आहे. वूट्झमध्ये कर्बाचे प्रमाण साधारण दीड टक्क्याच्या आसपास असे. एवढ्या कर्बामुळे पाते अत्यंत कठीण होते, धार विलक्षण टिकते आणि पृष्ठभागावर पाण्याच्या लहरींसारखी सुंदर नक्षी उमटते. परंतु एवढाच कर्ब पात्याचा चिवटपणा कमी करतो. त्यामुळे वाकड्या, ओढून कापणाऱ्या तलवारीला हे पोलाद शोभते. लांब सरळ पाते वारंवार वाकून सरळ होण्याच्या कामाला मध्यम कर्बाचे, नीट पाणी दिलेले आणि मग मंद आंचेवर उतरवलेले पोलाद अधिक सोयीचे. फिरंग निवडणारा सरदार रसायनशास्त्र शिकलेला नव्हता. पण आपल्या घोडेस्वाराला काय हवे, हे त्याला नेमके कळत होते.

इथे एक शब्दांचा गोंधळ दूर केला पाहिजे. काठिण्य, ताठरपणा आणि लवचीकपणा हे तीन वेगळे गुण आहेत. काठिण्य म्हणजे ओरखडा व दबाव यांना विरोध. ताठरपणा म्हणजे ठरावीक वाक आणण्यासाठी लागणारे बळ. आणि लवचीकपणा म्हणजे किती वाकवल्यावरही वस्तू मूळ आकाराला परत येते त्याची मर्यादा. इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूक याने स्प्रिंगचा नियम 1678 साली प्रसिद्ध केला, म्हणजे नेसरीनंतर अवघ्या चार वर्षांनी. जितके बळ, तितका ताण. गंमत अशी की ताठरपणाच्या बाबतीत जवळजवळ सगळी पोलादे सारखीच असतात. साधे कर्ब-पोलाद घ्या किंवा महागडे मिश्र-पोलाद घ्या, एकाच मापाच्या दोन स्प्रिंगा तेवढ्याच बळाने तेवढ्याच दबतात. स्प्रिंग ‘कडक’ हवी असेल तर तार जाड करावी, वेटोळी कमी करावीत किंवा वेटोळ्याचा व्यास घटवावा. मिश्रधातू बदलून तो कडकपणा येत नाही. मग मिश्रधातू कशासाठी? परत येण्याची मर्यादा वाढवण्यासाठी, उष्णतेत ती मर्यादा टिकवण्यासाठी आणि अगणित वेळा वाकूनही न तुटण्यासाठी. हा मुद्दा तलवारीच्या वादात कोणीच मांडत नाही.

आता इंजिनाकडे येऊ. कोल्हापूर जिल्ह्याला इंजिन परके नाही. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने 1930च्या दशकातच डिझेल इंजिने बनवली. 1946 साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील छोट्या-मोठ्या कारखान्यांनी तर इंजिने दुरुस्त करता करता स्वतःची इंजिने घडवली. नदीचे पाणी उसापर्यंत चढवणे आणि गुऱ्हाळावर चरक फिरवणे ही या इंजिनांची कामे. वीज गावोगाव पोहोचेपर्यंत ऊस त्यांच्यावरच जगला. चैत्र-वैशाखात इंजिन आठ दिवस बंद पडले तर पीक डोळ्यांदेखत वाळे.

अशा इंजिनात कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो. तो बंद करण्याचे काम मात्र केवळ स्प्रिंगचे. चार फेऱ्यांच्या इंजिनात क्रँकच्या दर दोन फेऱ्यांत व्हॉल्व्ह एकदा उघडतो. मिनिटाला 1500 फेरे घेणाऱ्या इंजिनात स्प्रिंग मिनिटाला 750 वेळा दबते, म्हणजे तासाला 45,000 वेळा. रोज दहा तास पंप चालला तर सुमारे 22 दिवसांत एक कोटी वेळा! जुन्या संथ, 650 फेऱ्यांच्या इंजिनातही हा आकडा 51-52 दिवसांत गाठला जातो. मोटारीच्या इंजिनाचे तर विचारूच नका: 6000 फेऱ्यांना सेकंदाला 50 वेळा. तलवारीचे पाते आयुष्यात किती वेळा वाकेल? काहीशे? काही हजार? स्प्रिंगला तेवढे काम मिनिटांत उरकावे लागते, तेही तापलेल्या तेलाच्या शिंतोड्यांत. स्प्रिंग थोडी खचली तर व्हॉल्व्ह वेळेवर बसत नाही, दाब गळतो, ताकद जाते. ती तुटली आणि व्हॉल्व्ह डोक्यावर असलेले इंजिन असले, तर व्हॉल्व्ह खाली उतरून पिस्टनवर आदळू शकतो.

गडहिंग्लज रस्त्यावरील एका गॅरेजात मिस्त्रींनी मला अशी तुटलेली स्प्रिंग दाखवली होती. तारेचा तुटका भाग तिरका, साधारण 45 अंशांत. एका कडेला नखाएवढा गुळगुळीत डाग आणि उरलेला भाग खरबरीत. तो गुळगुळीत डाग म्हणजे भेगेचा प्रवास. भेग आधी सूक्ष्म असते, प्रत्येक दाबासरशी तसूभर पुढे सरकते आणि उरलेला भाग भार पेलेनासा झाला की एका झटक्यात तुटतो. यालाच धातूचा थकवा म्हणतात. मिस्त्री म्हणाले, “ही एका दिवसात नाही मोडली, साहेब. मोडायला तिला महिना लागला, आपल्याला फक्त आज कळलं.” इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य राज्यांच्या पतनालाही लावून पाहावे, मी मोह आवरतो.

या कामासाठी पोलाद निवडताना अभियंत्यासमोर साधारण तीन वाटा असतात. पहिली, तेलात पाणी दिलेल्या कर्ब-पोलादाच्या तारेची. कर्ब सुमारे 0.6 ते 0.75 टक्के, स्वस्त, पुरेशी मजबूत, पण फार ताप सोसत नाही. संथ इंजिनाला ती अगदी पुरते. दुसरी, क्रोम-व्हॅनेडियम पोलादाची. कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास, क्रोमियम एक टक्क्याच्या जवळ आणि व्हॅनेडियम केवळ 0.15 टक्के किंवा थोडे अधिक. क्रोमियममुळे पाणी तारेच्या गाभ्यापर्यंत पोहोचते. व्हॅनेडियम पोलादाचे कण बारीक ठेवते. ही तार सुमारे 220 अंश सेल्सिअसपर्यंत साथ देते. तिसरी वाट क्रोम-सिलिकॉनची. यात सिलिकॉन साधारण 1.2 ते 1.6 टक्के. सिलिकॉनमुळे तापलेली तार सहजासहजी ‘उतरत’ नाही, म्हणून ही 250 अंशांच्या आसपासपर्यंत आपली उंची टिकवून धरते. आजच्या वेगवान इंजिनांचा ओढा हिच्याकडे आहे.

व्हॅनेडियमची कथा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हेन्री फोर्ड यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे की 1905 साली एका मोटारशर्यतीत फुटलेल्या फ्रेंच गाडीच्या अवशेषांतून त्यांनी व्हॉल्व्हच्या दांड्याचा एक तुकडा उचलला. तो हलका व चिवट होता. तपासणीत त्यात व्हॅनेडियम निघाले. गोष्ट थोडी रंगवलेली असावी, पण 1908च्या मॉडेल टी गाडीत फोर्डनी व्हॅनेडियम पोलाद वापरले, हे खरे.

आता मागे वळा. 1794च्या सुमारास मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी वूट्झचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले आणि 1795 साली जॉर्ज पिअरसन यांनी त्यावर रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. पंचवीसएक वर्षांनी लोहाराचा मुलगा मायकेल फॅरेडे आणि सुऱ्या-कात्र्या घडवणारे जेम्स स्टोडार्ट यांनी वूट्झचे रहस्य शोधण्याचा ध्यास घेतला. त्यातील अॅल्युमिनियमच्या अंशामुळे ते श्रेष्ठ ठरते, असा फॅरेडेंचा समज झाला. समज चुकीचा होता. पण त्या चुकीच्या पाठलागात त्यांनी पोलादात निकेल, चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम, क्रोमियम असे नाना धातू मिसळून पाहिले आणि 1820 व 1822 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जाणूनबुजून मिश्र-पोलादे घडवण्याच्या पद्धतशीर प्रयत्नांचा हा आरंभ मानला जातो. म्हणजे आज इंजिनात दडलेल्या क्रोमियमच्या तारेच्या वंशावळीत दख्खनच्या मुशीतील एक वडी आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. अभिमान बाळगायचाच असेल तर याचा बाळगावा. ‘आमचे पोलाद जगात पहिले’ या आरोळीपेक्षा ही हकिगत कितीतरी रसाळ आहे.

आणखी एक धागा याच वंशावळीत गुंफला आहे. 1998 साली अमेरिकेतील व्हर्होव्हेन व पेंड्रे यांनी दाखवले की वूट्झ पात्यावरच्या नक्षीमागे खनिजातून आलेले व्हॅनेडियमसारख्या धातूंचे अत्यल्प अंश कारणीभूत आहेत. त्यांच्यामुळे कर्बाचे कठीण कण ओळीने जमतात. ज्या व्हॅनेडियमने तलवारीवर लहरी उमटवल्या, तेच स्प्रिंगमध्ये थकव्याशी झुंजते. जुन्या कारागिराला ते मूलद्रव्य माहीत नव्हते. पण अमुक ठिकाणच्या खनिजाचीच वडी चांगली उठते, हे त्याला माहीत असणार. खाण बदलली की गुण हरवे, यात मग नवल ते काय?

एवढे वाचून कोणी म्हणेल, तर मग उत्तम मिश्रधातू निवडला की काम झाले. तिथेच फसगत होते. झिमर्ली या अमेरिकी स्प्रिंगतज्ज्ञाने 1957 साली एक विस्मयकारक निष्कर्ष मांडला. 10 मिलिमीटरपेक्षा बारीक तारेच्या स्प्रिंगेला अमर्याद काळ चालवायचे असेल, तर तिच्या थकव्याच्या मर्यादेवर पोलादाच्या जातीचा, तारेच्या जाडीचा किंवा तिच्या ताकदीचा फरक जवळजवळ पडत नाही. फरक पडतो तो पृष्ठभागाचा. पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा करून तारेचे वरचे कातडे दाबून घट्ट केले, म्हणजे ज्याला शॉट पीनिंग म्हणतात ते केले, की ती मर्यादा दीडपटीहून अधिक वाढते. कारण भेग बहुधा पृष्ठभागावरच जन्मते: एखाद्या ओरखड्यात, गंजाच्या ठिपक्यात किंवा पोलादात अडकलेल्या वाळूसारख्या कणात. म्हणून चांगल्या तारेचे वरचे साल सोलून काढतात, भेगांसाठी तिची विद्युत तपासणी करतात आणि वितळलेले पोलाद शुद्ध करताना अॅल्युमिनियम टाळतात, कारण त्याचे कठीण कण तारेत राहिले तर तेच पुढे भेगेचे घर होतात. झिमर्लीनंतर पोलाद कितीतरी शुद्ध झाले आहे. ताप आणि खचणे यांचा विचार करताना जातीला महत्त्व उरतेच. तरीही धातूच्या नावापेक्षा त्यावर केलेली मेहनत मोठी ठरते, हा धडा जुना झालेला नाही.

वूट्झच्या बाबतीतही हेच घडले होते. युरोपातील कित्येक लोहारांनी ती वडी आपल्या सवयीप्रमाणे पांढरी होईपर्यंत तापवली आणि घणाखाली तिचा चुरा झाला. तिला लाल आंचेतच, धीराने घडवावे लागते. साहित्य तेच, हात वेगळा, निकाल उलटा.

तेव्हा माझा आक्षेप आपल्या दोन्ही पक्षांवर आहे. वूट्झचा जयघोष करणारा ते पोलाद कशासाठी चांगले होते हे सांगत नाही, म्हणून त्याचा अभिमान पोकळ राहतो. फिरंगीवरून खिजवणारा तर खरेदीला पराभव समजतो. इंजिन बनवणारा कारखाना तार जपानची घेतो की जर्मनीची, यावरून कोणी त्याला अडाणी ठरवत नाही. इंजिन चालले का, एवढेच पाहतो. मग सतराव्या शतकातल्या सरदाराला वेगळा न्याय का? त्याने परदेशी पाते घेतले, त्याला आपल्या हाताला व आपल्या युद्धपद्धतीला साजेशी मूठ चढवली आणि घोडदळाच्या हाती दिले. हा व्यवहार डोळस होता. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावी लागते. पाती विकत मिळत राहिल्याने तशी लांब, लवचीक पाती मोठ्या प्रमाणावर इथेच घडवण्याची निकड कमी झाली आणि पुढे विलायती पोलाद स्वस्तात येऊ लागले तेव्हा मुशीच्या भट्ट्याही विझत गेल्या. या तोट्याची चर्चा करा ना! ती टाळून आपण ‘श्रेष्ठ कोण’ यावरच रात्र काढतो.

या साऱ्याचा साक्षीदार कोल्हापूरशीच निगडित आहे. 1875-76च्या हिंदुस्थान दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला कोल्हापूरच्या छत्रपती चौथ्या शिवाजी महाराजांनी जी तलवार नजर केली आणि जी ‘जगदंबा’ या नावाने ओळखली जाते, ती आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. तिचे सरळ पाते युरोपीय बनावटीचे आहे आणि मूठ हिंदुस्थानी. ती परत यावी, अशी मागणी आपण करतो आणि ती योग्यच आहे. पाते कुठे घडले याने त्या मागणीचे वजन गुंजभरही घटत नाही.

शेवटी ज्यांच्या घरी दसऱ्याला शस्त्रे पुजली जातात त्यांच्यासाठी एक विनंती. जुने पाते चकचकीत करण्यासाठी त्यावर सँडपेपर किंवा ग्राइंडर फिरवू नका. पात्याच्या खाचेत, मुठीजवळ झोलिंगेन किंवा जेनोआच्या कारागिराची खूण असू शकते, वूट्झची पुसट नक्षी असू शकते. ती एकदा घासली गेली की कायमची गेली. नवा ओरखडा भेगेलाही जागा करून देतो, हे वर पाहिलेच. गंज थांबवायचा तर मऊ कापडाने हलके तेल पुरे. आणि ‘खरी असेल तर वाकून सरळ होईल’ म्हणत साडेतीनशे वर्षांचे पाते गुडघ्यावर वाकवून पाहू नका. आत भेग किती पुढे सरकली आहे, हे बाहेरून दिसत नाही. त्यापेक्षा मुठीजवळच्या खुणेचे तिरप्या उजेडात छायाचित्र काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि या धाग्याखाली टाका. खूण ओळखायला आपण सारे मिळून बसू.